दोन खाटांचा हिशोब

२०२५ च्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सर माझ्या ऑफिसात आले. काखेत निळी डायरी. बसता बसता म्हणाले, "आज कर आहे. शुभ काम काढायचं नसतं, म्हणून हे काढलं." ते काम म्हणजे खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला नोटीस द्यायची होती.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मी त्यांचं आयकराचं रिटर्न भरतो, त्यामुळे आकडे मला तोंडपाठ. हे प्रकरण त्यांना विचारून लिहितोय. ओळख पटू नये म्हणून दोन-चार बारीक गोष्टी बदलल्यात, हिशोब मात्र जसाच्या तसा आहे.

लातुरात ट्यूशन एरियापासून पायी दहा मिनिटांवर त्यांचा प्लॉट. निवृत्तीचे पैसे आणि वर बँकेचं कर्ज घालून त्यांनी तिथे तळमजला आणि वर दोन मजले उभे केले. वरच्या दोन्ही मजल्यांवर पाच-पाच खोल्या, खोलीत दोन खाटा, म्हणजे वीस पोरं. खाटेला महिना ३,००० रुपये. खाली एक हॉल, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ते १४,००० रुपयांनी एका ताईंना दिलेलं, त्या तिथेच राहतात आणि तिथेच मेस चालवतात. सगळं भरलेलं असेल तर महिन्याला ७४,००० येतात, त्यातले २८,००० बँकेच्या हप्त्याला जातात. सर-काकू स्वतः शेजारच्या जुन्या घरात राहतात.

डायरीतला हिशोब असा होता: सप्टेंबरचं भाडं निम्मं आलं, ७,००० बाकी. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर कोरे. जानेवारीचं पाच तारखेला यायला हवं होतं, तेही नाही. भाड्याचे झाले ६३,०००. सबमीटरप्रमाणे लाईट बिलाचे ८,४००. एकूण ७१,४००. हातात डिपॉझिट ४०,०००.

मी पहिल्यांदा विचारलं, "सर, नोव्हेंबरात का नाही आलात?"

"दर महिन्याला म्हणायच्या, पुढच्या महिन्यात देते. रोज तोंडासमोर असणारं माणूस. भीड पडते हो."

भीड ही भिकेची बहीण, हे चाळीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस सांगत होता. आमच्याकडे भाड्याची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. थकबाकी डिपॉझिटला गाठते तो दिवस घरमालकाने कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवायचा असतो. सरांच्या बाबतीत नुसतं भाडं धरलं तरी तो दिवस होता ५ डिसेंबर. त्याआधी बोलणी करणारा माणूस स्वतःच्या पैशांविषयी बोलत नसतो, समोरच्याच्या डिपॉझिटविषयी बोलत असतो, आणि आवाज आपोआप शांत राहतो. त्यानंतर आवाज चढतो. सर चढलेल्या आवाजाच्या टप्प्यावर माझ्याकडे आले होते.

त्यात एक आमिष होतं. अभ्यासिका काढणारा एक मुलगा तळमजला बघून गेला होता. १९,००० भाडं, एक लाख डिपॉझिट, मार्चपासून. म्हणजे महिन्याला ५,००० जास्त, वर्षाचे ६०,०००. शिवाय गॅस नाही, तेलकट भिंती नाहीत, खरकट्याचं पाणी नाही. कोण नाही म्हणेल?

मीही नाही म्हटलं नाही. माझा पहिला सल्ला सरळ होता: वकिलामार्फत नोटीस द्या, फेब्रुवारीअखेर जागा मोकळी करून घ्या. हा सल्ला चुकीचा होता, आणि तो दोन वेगवेगळ्या अंगांनी चुकीचा होता. आधी कागदाचं अंग सांगतो.

सरांनी डायरीतून भाडेकराराची झेरॉक्स काढली. जून २०२३ चा, अकरा महिन्यांचा, स्टॅम्पवर नोटरी केलेला. एप्रिल २०२४ मध्ये मुदत संपलेली. पुन्हा केलेला नाही. आणि वापराच्या रकान्यात लिहिलेलं: राहण्यासाठी.

"अकरा महिन्यांचाच आहे, मग रजिस्टर कशाला," हे वाक्य मी वर्षातून पन्नास वेळा ऐकतो. महाराष्ट्रात ते चालत नाही. मराठवाड्यात आधी १९५४ चा हैदराबादचा भाडे कायदा होता, मुंबईकडे आणि विदर्भात वेगळे. ३१ मार्च २००० पासून ते तिन्ही जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरल्या मुदतीपुरती नुसती वापराची परवानगी) करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण खरी मेख पुढच्या ओळीत आहे: नोंदवलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली, याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत.

म्हणजे ताई उद्या कोर्टात म्हणाल्या की मी लायसन्सवर नाही, पक्की भाडेकरू आहे, तर ते खोडून काढायचं ओझं सरांवर. आणि पक्क्या भाडेकरूला थकबाकीसाठी काढायचं तर कलम १५ प्रमाणे आधी मागणीची लेखी नोटीस, मग नव्वद दिवस थांबायचं, मग दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत तिने सगळी बाकी पंधरा टक्के सरळ व्याजाने आणि खर्चासह भरली तर त्या कारणावरून तिला काढता येत नाही. जानेवारीच्या नोटिशीचे नव्वद दिवस एप्रिलअखेर संपतात. दावा मेमध्ये. मार्चपासून अभ्यासिका हे स्वप्न तिथेच संपलं होतं.

मुदत संपलेल्या लायसन्सधारकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून लवकर बाहेर काढायचा कलम २४ चा रस्ता आहे, पण तो राहायला दिलेल्या जागेसाठी. इथे चार मोठ्या शेगड्या पेटलेल्या, दोन वेळच्या पंगती बसतात. कागद राहण्याचा, वापर धंद्याचा, आणि हे सरांना पहिल्या दिवसापासून माहीत. हा कागद घेऊन कुठल्याही दारात उभं राहिलं तरी पहिला प्रश्न सरांनाच विचारला जाणार.

लाईटचंही तेच. मीटर सरांच्या नावावर, घरगुती दराचं, आणि त्यावर मेस चालू. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून हे ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. मीटर ज्याच्या नावावर, बिल त्याच्या दारात.

शेजाऱ्यांचा सल्ला अर्थातच सोपा होता. "पाणी बंद करा, आठ दिवसांत पळतात." लातुरात पाण्याची धमकी ही फार वाईट धमकी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव हे. तेव्हापासून खोली बघायला येणारा बाप आधी हौद बघतो, मग बोअरला पाणी किती ते विचारतो, मग खोली. पाणी-लाईट तोडणं कलम २९ खाली मना आहे आणि त्याला शिक्षा आहे, हे सांगितलं. सर म्हणाले, "ते मी करणारच नव्हतो. पोरं वर राहतात, त्यांचंही पाणी त्याच टाकीचं."

हे वाक्य मी ऐकलं, पण त्याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. काकूंच्या शिरला होता.

दोन दिवसांनी सर काकूंना घेऊन आले. काकूंनी पर्समधून वहीचं एक पान काढून टेबलावर ठेवलं. त्यावर नुसत्या उभ्या रेघा, पाच-पाचचे जुडगे. "काल रात्री साडेआठला मेसच्या दारातल्या चपला मोजल्या," त्या म्हणाल्या. "एकूण चौतीस जोड. आपल्या वरच्या पोरांचे सतरा."

"तुम्हाला कसं कळलं कोणाच्या?"

"रोज जिना झाडून घेते की मी. कोणाचा अंगठा तुटलाय तेसुद्धा माहीत आहे."

मग त्यांनी सरांकडे वळून विचारलं, "जूनमध्ये पालक खोली बघायला येतात तेव्हा तुम्ही पहिलं वाक्य काय बोलता?"

सर जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खालीच मेस आहे."

मी वही ओढली. घर पहिल्यांदा भाड्याने लागलं जून २०२२ मध्ये. तळमजला तेव्हा रिकामा. त्या वर्षी वीसपैकी चौदाच खाटा भरल्या, त्याही ऑगस्ट उजाडेपर्यंत रडतखडत. जून २०२३ मध्ये ताई आल्या. त्या वर्षी वीसच्या वीस खाटा २० जूनपर्यंत गेल्या. २०२४ मध्येही तेच. सहा खाटांचा फरक म्हणजे महिन्याला १८,०००. समोर अभ्यासिकेचे जास्तीचे ५,०००.

इथे मी हिशोबनीस म्हणून हात वर केला. सगळं श्रेय मेसला कसं द्यायचं? २०२२ मध्ये घर नवं होतं, कोणाला माहीत नव्हतं. कोरोनात गाव ओस पडलं होतं, त्यातून शिकवण्या नुकत्या सावरत होत्या. मेस नसती तरी दुसऱ्या वर्षी खोल्या जास्त भरल्याच असत्या. अभ्यासिका खाली आली तर तिच्यामुळेही दोन-चार पोरं येतील. सगळं खरं. म्हणून मी सहा खाटांचा आग्रह सोडला आणि प्रश्न उलटा केला: किती खाटा रिकाम्या राहिल्या तर अभ्यासिकेचा फायदा संपतो? ५,००० भागिले ३,०००. पावणेदोनसुद्धा नाही. म्हणजे दोन खाटा. वीसपैकी फक्त दोन पोरांच्या बापांनी "जेवणाचं काय?" असं विचारून पुढचं घर गाठलं की अभ्यासिकेचं जास्तीचं भाडं पाण्यात.

आणि लातुरातली खाट ही एसटीची सीट नाही, की पुढच्या स्टँडवर कोणी चढेल. इथलं भाड्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. दहावीचा निकाल लागतो, मेडिकलची प्रवेशपरीक्षा 'नीट' होते (गेली काही वर्षं ती मेच्या पहिल्या रविवारी असते), मग जून-जुलैत अकरावीवाले आणि नीट पुन्हा देणारे रिपीटर गावात उतरतात. जुलैअखेर जी खाट रिकामी ती पुढच्या जूनपर्यंत रिकामी. पुण्यात महिनाभर जागा रिकामी राहिली तर महिन्याचं नुकसान. इथे वर्षाचं.

माझी चूक एवढीच होती की मी तळमजल्याचा हिशोब तळमजल्यापुरता केला. सरांना एकच भाडेकरू अडला होता, पण त्या भाडेकरूवर वरचे साठ हजार उभे होते.

तरी एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तडजोड करावी की नाही याचा निम्मा निकाल त्यातच आहे: समोरच्याकडे पैसे नाहीत, की आहेत आणि द्यायचे नाहीत? पैसे नसले तर पुढे येणार आहेत का? हप्ते बांधून देणं हे उधारी देण्यासारखंच आहे, आणि उधारी देणारा दुकानदार आधी माणसाचं घर बघतो.

सरांनी ते बघितलं होतं, फक्त सांगायला लाजत होते. ३० डिसेंबरला वेळअमावस्या होती. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगायला नको, त्या दिवशी गावात कुत्रं भेटत नाही, सगळे रानात. मेसही बंद. ताईंनी दोघांना औशाकडच्या त्यांच्या शेतावर जेवायला बोलावलं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सर एकटे गेले. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, माठातली आंबील. "थकबाकीदाराच्या रानात बसून मी तीन वाट्या आंबील प्यालो," सर म्हणाले. आणि हात धुवायला घरामागे गेले तर पडवीत सोयाबीनचे कट्टे रचलेले. शिक्षकाची सवय, मोजले. चाळीस.

साठ किलोचा कट्टा धरला तर चोवीस क्विंटल. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये. लातूरच्या आडतीत भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. क्विंटलमागे आठशे-नऊशेचा फरक, चोवीस क्विंटलला वीस हजारांच्या घरात. नाफेडच्या सरकारी खरेदीत आधी ओलाव्याची अट बारा टक्के, नोव्हेंबरात ती पंधरावर नेली. मग केंद्रावर बारदाना नाही, मग नंबर लागत नाही. ताईंचे मालक तोच नंबर धरून बसले होते.

आणि नुसते तेच नाहीत. मेसची पोरं कोणाची? अहमदपूर, निलंगा, उदगीर, तिकडे नांदेड-हिंगोलीपर्यंतच्या शेतकऱ्यांची. त्यांच्याही घरात कट्टे पडलेले. पोरगं मेसला म्हणतं, सोयाबीन विकलं की देतो. मेस सरांना म्हणते, पोरांनी दिलं की देते. सर बँकेला असं काही म्हणू शकत नाहीत, हीच काय ती साखळीतली गोम. लातुरातलं खोलीभाडं आम्ही शिक्षणाचा धंदा म्हणून मोजतो, पण सप्टेंबर ते जानेवारी ते सोयाबीनच्या भावावर चालतं. गुंतवणुकीचे सल्ले देणारे हे कुठे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहून ठेवतोय.

तर पैसे खरंच अडकले होते, आणि ते येणार होते. पंधरा महिने ताईंनी पाच तारीख चुकवली नव्हती, हेही डायरीत होतं.

१९ जानेवारीला, रविवारी दुपारी, पंगत उठल्यावर सगळे मेसच्या हॉलमध्ये बसलो. सर, काकू, मी, ताई आणि गावाकडून आलेले त्यांचे मालक. ताटं घासायचा आवाज मागे चालूच. ताईंनीच सुरुवात केली.

"सर, मी काय पळून जायलेय का? सोयाबीन घरात पडून हाय. नाफेडला नंबर लागंना. तीन महिन्याचं माफ करा, बाकीचं देते."

तीन महिन्यांचे म्हणजे ४२,०००. सर विरघळायला लागलेले दिसले. "निम्मे…" असं ते म्हणणार तोवर मी त्यांच्या पायाला पाय लावला.

माफीला मी विरोध का केला, त्यात कंजूषपणा नव्हता. बुडालेलं भाडं उत्पन्नातून वगळायला तेव्हाच्या आयकर नियमांतल्या नियम ४ च्या अटी होत्या: भाडेकरूने जागा सोडलेली असावी किंवा त्याला काढायची पावलं उचललेली असावीत, तुमची दुसरी कुठली जागा त्याच्या ताब्यात नसावी, आणि वसुलीसाठी कायदेशीर कारवाई केलेली असावी किंवा ती करून उपयोग नाही हे अधिकाऱ्याला पटवता यावं. बसलेल्या भाडेकरूला प्रेमाने माफ केलेलं भाडं यात बसत नाही. म्हणजे ४२,००० सोडायचे, आणि वर न मिळालेल्या भाड्याचं उत्पन्न दाखवायचं. सूट द्यायचीच असेल तर पुढच्या भाड्यात, करारात लिहून द्यावी. मागची माफी फक्त ऐकायला गोड.

दुसरं कारण मी तिथे बोललो नाही. वर वीसेक पोरं आहेत. खालच्या ताईंना माफी मिळाली ही बातमी रात्रीच्या जेवणापर्यंत जिना चढली असती.

मग पेच असा पडला की ७१,४०० पैकी सोयाबीन विकून ताई फार तर वीसेक हजार देऊ शकत होत्या. बाकी पैशांवर मुलीची फी आणि कृषी केंद्राची उधारी टपलेली. उरलेले पन्नास हजार कुठून? तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मला उभं राहून स्वयंपाक होत नाही. आम्हा दोघांचा दोन वेळचा डबा द्या. त्यातून वळते करा."

डब्याचा दर २,७००. दोघांचे ५,४००. नऊ-सव्वानऊ महिन्यांत पन्नास हजार फिटतात. ताईंना तो डबा दर लावलेल्या पैशांपेक्षा स्वस्तात पडतो, काकूंना बाई लावावी लागत नाही. मी फक्त एवढंच म्हटलं की डब्यात आलेलं भाडं हेही भाडंच, डायरीत तसंच लिहायचं. काकू म्हणाल्या, "वरणाची पावती पण देऊ का?"

पैशांत आम्ही इतकं वाकलो. भाडंही सोळा महिने १४,००० वरच ठेवलं, बाजारात १९,००० मिळत असताना. पण चार गोष्टींवर मी सरांना एक इंचही मागे येऊ दिलं नाही. करार नोंदवायचा, आणि त्यात वापर स्पष्ट लिहायचा: मेससाठी. थकबाकीचा आकडा आणि ती कशी फिटणार हे वेगळ्या कागदावर, दोघा नवरा-बायकोच्या सहीने. लाईटचं व्यापारी दराचं वेगळं मीटर. आणि डिपॉझिट ४०,००० वरून ६०,०००, तेही हप्त्याने चालेल.

ताईंचे मालक इतका वेळ गप्प होते. रजिस्टर म्हटल्यावर ते सावध झाले. "सर, कागद कशाला? आमचा तुमच्यावर इस्वास हाय." हे वाक्य नेहमी ज्याला पैसे द्यायचे असतात तो म्हणतो. पण इथे नशिबाने एक गोष्ट आमच्या बाजूला होती. ताईंना चपातीचं मशीन आणि डीप फ्रीजर घ्यायचा होता, त्यासाठी मुद्रा योजनेतून दीड लाख मागायचे होते. बँकेने धंद्याच्या जागेचा कागद मागितला होता, आणि नोटरीचा मुदत संपलेला कागद परत पाठवला होता. नोंदवलेला करार सरांना हवा होता त्यापेक्षा ताईंना जास्त हवा होता. हे कळल्यावर खोलीतली हवाच बदलली. माझ्या अनुभवात टिकणारी तडजोड अशीच सापडते: आपल्याला जे सोडायचं नाही, तेच समोरच्यालाही कशासाठी तरी लागतं. ते शोधायला मात्र चहा दोनदा प्यावा लागतो.

करार १ फेब्रुवारी २०२५ ते ३१ मे २०२६, सोळा महिन्यांचा. अकराच का नाही, असं सर विचारत होते. अकरा महिने म्हणजे डिसेंबरअखेर मुदत संपणार. डिसेंबरात लातुरात मेस काढून नवा भाडेकरू कुठून आणणार? मुदत संपायची तारीख हंगामाच्या उंबरठ्यावर असावी, म्हणजे जागा सोडायची असो की पुढे न्यायची, दोघांच्याही हातात पर्याय असतात. खर्च म्हणाल तर एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, ते सहाशेच्या आत बसलं, आणि १,००० रुपये नोंदणी फी. ७१,४०० ची डोकेदुखी दोन हजारांचा कागद टाळल्यामुळे झाली होती.

हा करार मेसचा असल्यामुळे कलम २४ चा झटपट मार्ग याला मिळणार नाही, हे मी सरांना लिहून दिलं. पण तारीख, वापर आणि नातं काय, हे आता भाडेकरूच्या सांगण्यावर उरलं नाही.

याच आठवड्यात सरांनी दुसऱ्या एका ठिकाणी तडजोड नाकारली, ती थोडक्यात सांगतो. वरच्या मजल्यावरचा एक रिपीटर दिवाळीनंतर परत आलाच नाही. बाप डिपॉझिट मागायला आला. पोराला झेपत नव्हतं, बापाचा चेहरा उतरलेला. सरांनी एक महिन्याचं कापून बाकी परत केलं, जे पहिल्याच दिवशी ठरलं होतं ते. बाप म्हणाला, तेही सोडा. सर नाही म्हणाले. ती खाट जूनपर्यंत रिकामी राहणार होती, आणि त्या माणसाशी पुढे कुठलाच व्यवहार नव्हता. काकूंना ते आवडलं नाही. मला विचाराल तर सरांचं बरोबर होतं, पण त्या दिवशी रात्री ते जेवले नाहीत, हेही खरं.

पुढे काय झालं? सगळं ठरल्यासारखं झालं नाही. सोयाबीनचे काही कट्टे केंद्रावर गेले, काही कंटाळून आडतीत. २१,४०० फेब्रुवारीअखेर यायचे ते ३ मार्चला आले. नवं मीटर लागलं आणि व्यापारी दराचं पहिलं बिल बघून ताई दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत. त्यांनी मेसचा दर शंभराने वाढवला, काही पोरं तुटली. डिपॉझिटचे वाढीव वीस हजार यायचे, बारा आले. जून २०२५ मध्ये खाटा वीस नाही, एकोणीस भरल्या. अभ्यासिकेच्या मुलाने मागच्या गल्लीत जागा घेतली आणि त्याचं बरं चाललंय. म्हणजे आम्ही हुकलेली संधीही काही खोटी नव्हती.

डबा सहा महिने चालला. ३२,४०० फिटले. ऑगस्टमध्ये सरांनी हात टेकले. रोज तीच तर्री, आणि भाकरी म्हणाल तर आठवड्यातून एकदा. काकूंचा गुडघाही तोवर बरा झाला होता. उरलेले १७,६०० रोख द्यायचं ठरलं. आणि मग सप्टेंबर २०२५ चा पाऊस आला. मराठवाड्यात त्या महिन्यात काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. औशाकडचं ताईंचं रान आठ दिवस पाण्याखाली. या वेळी पडवीत कट्टे नव्हते, मोजायला काही नव्हतं.

पण ऑक्टोबरच्या तीन तारखेला, पाच तारखेच्या आधी, ताई स्वतः सरांच्या घरी आल्या. "सर, या महिन्याचं बारा दिवस उशिरा देते. जुनं मात्र उन्हाळ्यावर ढकला." डायरीत सरांनी तारीख टाकली, त्यांनी सही केली. भाडं सतराला आलं. १७,६०० अजून तसेच आहेत. ६३,००० वर पोचेपर्यंत कोणी तोंड न उघडणं आणि १४,००० देय व्हायच्या आधीच स्वतःहून दारात येणं, यातला फरक मी पैशांत मांडून दाखवू शकत नाही, पण तो आहे.

आता ३१ मे २०२६ जवळ येतोय. १४,००० वर पुढे न्यायचं, की १७,००० मागायचे, की जागा दुसऱ्याला दाखवायची? मागच्या वर्षी दोन खाटांचा हिशोब एवढा स्वच्छ होता की पुन्हा तोच लावावा असं सरांना वाटतं. पण आता पोरांच्या मोबाईलवर जेवण दारात येतं, आणि कोपऱ्यावर एक नवीन मेस निघालीय, तिथे रविवारी चिकन असतं.

परवा रात्री साडेआठला काकू पुन्हा तिथे जाऊन उभ्या राहिल्या. वरची एकोणीस पोरं. मेसच्या दारात त्यांचे जोड अकरा.